मिनिटाला एक फोटो

आमच्या ह्यांना पंपहाउसवर सगळे मिनिटराव म्हणतात. तोंडावर नाही, पण एखाद्याची जीभ घसरते आणि मग तो सारवासारव करत बसतो. ह्यांना ते माहीत आहे. नावाला कारणही तसंच आहे. किती वाजले असं विचारलं तर हे कधी "दोन वाजत आले" म्हणणार नाहीत. "एक वाजून त्रेपन्न" म्हणतील. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, भूक लागली का? तर म्हणाले, "अजून बावीस मिनिटांनी लागेल." मला आधी वाटलं चेष्टा करतायत. बावीस मिनिटांनी ताटावर येऊन बसले.

पंपहाउस आमच्या घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. हा आकडाही त्यांचाच. एक लांबट खोली, उंच खिडक्या, दोन पंप, माणसाच्या मांडीएवढे जाड पाइप आणि भिंतीलगत एक खुर्ची. खालच्या हौदातलं पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, एवढंच तिथलं काम. पाइपावर बशीएवढं गोल गेज आहे. त्यातला काटा पाण्याचा दाब दाखवतो. एरवी तो चारच्या आसपास असतो. दुपारी हौदातलं पाणी उतरलं की काटा खाली येऊ लागतो. तीनच्या खाली गेला की पहिला पंप बंद करायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि दुसरा पंप चालू करायचा. हे वेळेवर झालं नाही तर टाकी भरत नाही, आणि संध्याकाळी वरच्या गल्ल्यांतले नळ नुसते खोकतात. शिवाय दर अर्ध्या तासाने काट्याचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. एकतीस वर्षांची रजिस्टरं काढून बघा, एक खाडाखोड सापडायची नाही.

पूर्वी तिथे तिघे मिळून तीन पाळ्या करायचे. चौदा महिन्यांपूर्वी त्यातला एक निवृत्त झाला. नवीन माणूस येईपर्यंत उरलेल्या दोघांनी बारा-बारा तास सांभाळावं, असा कागद आला. ह्यांच्या वाट्याला सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आलं. नवीन माणूस अजून येतोच आहे. कुठल्या गावाहून चालत निघालाय कोण जाणे.

त्या चौदा महिन्यांत माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत झिजला. घरी आले की पलंगाच्या कडेला बसायचे, एक बूट काढायचे आणि दुसरा काढायचं विसरून तसेच भिंतीकडे बघत राहायचे. मी दुसरा बूट काढला तर म्हणायचे, "अगं राहू दे, काढतो." आणि काढायचे नाहीत. जेवताना घास हातातच राहायचा. मी कपडे अल्टर करून देते. दिवसभर माझं मशीन चालू असतं, मीही काही लोळत नसते. पण माझा थकवा झोपलं की उतरतो. ह्यांचा उतरेनासा झाला होता. मी म्हणायचे, साहेबांना सांगा, होत नाही म्हणून. तर म्हणायचे, "न व्हायला काय झालं? काट्याकडे तर बघायचंय."

आणि मग तक्रार आली. वरच्या गल्ल्यांतल्या लोकांनी लिहून दिलं, आठवड्यातून तीन-चार दिवस संध्याकाळी पाणी येत नाही. साहेब पंपहाउसवर आले, रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "दुपारी दोन, ४.२. अडीच, ४.२. रोज तेच. वर टाकी मात्र अर्धी. म्हणजे एकतर पाणी खोटं बोलतंय, नाहीतर तुम्ही. झोपता का हो दुपारचे?"

घरी येऊन बूट न काढताच ह्यांनी मला ते सांगितलं. मार खाल्ल्यासारखा चेहरा झाला होता. "मी," म्हणाले, "मी झोपतो? एकतीस वर्षांत कामावर डोळा मिटला नाही माझा." चौकशी तीन आठवड्यांनंतरची लागली. तिघांची समिती बसणार होती. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, आणि कागदावर 'कामावर झोपला' असा शेरा येणार. नोकरी जाणार नव्हती कदाचित, पण हा माणूस त्या शेऱ्यातून उठला नसता. नाकावर माशी बसू न देता काम केलेला माणूस तो.

ह्यांचं म्हणणं एकच, गेज बिघडलंय. काटा ४.२ वर चिकटून बसतो, दाब उतरला तरी हलत नाही. चांगला काटा नेहमी थोडा थरथरतो, हा थरथरतही नसणार. साहेब म्हणाले, "सिद्ध करा."

त्या रात्री ह्यांनी कपाटातून लेकीचा जुना कॅमेरा काढला. मुठीत मावणारा, चंदेरी, पडद्यावर ओरखडे पडलेला. तिने पहिल्या पगारात घेतला होता. मग फोन आले आणि कॅमेरा कपाटात गेला. लेक लग्न होऊन दूर गेली, जाताना म्हणाली, "बाबा, तुम्हाला ठेवा." बाबांनी ठेवला तो ठेवलाच. आता तो चार्ज केला, पुसला आणि म्हणाले, "हा गेजसमोर बसवतो. मिनिटाला एक फोटो काढायचा. दिवसभर."

"मिनिटाला एकदा उठून बटण दाबणार?" मी म्हटलं. "मग काट्याकडे कोण बघणार?"

"तो आपोआप काढेल."

कॅमेऱ्यात तशी सोय नव्हती. मी मेनू बघितला, त्यात वाढदिवसाची चौकट लावून फोटो काढायची सोय होती, चेहरा गोरा करायची होती, पण आपोआप काही नाही. कॅमेऱ्याऐवजी फोनच तिथे ठेवावा म्हटलं तर घरात दोनच फोन. माझ्यावर गिऱ्हाइकं येतात आणि ह्यांच्यावर ऑफिसचे कॉल. पण ह्यांना कुठून तरी कळलं होतं, की ह्या कॅमेऱ्यात दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. कंपनी ते झाकून ठेवते. कॅमेरा ज्यावर चालतो तो आतला प्रोग्राम, त्याला फर्मवेअर म्हणतात. जगातल्या कुणा हौशी लोकांनी फावल्या वेळात दुसरा प्रोग्राम लिहिलाय. तो कार्डावर ठेवायचा. कॅमेऱ्याच्या मूळ प्रोग्रामला तो हात लावत नाही. त्याच्या शेजारी बसून काम करतो आणि कुलपातल्या खोल्या उघडतो.

मी म्हटलं, "तुमच्यातही काहीतरी झाकून ठेवलेलं असेल. त्याची फाइल मिळते का बघा."

हसले नाहीत. डोळ्यांवर चष्मा, त्याच्यावर टेबल लॅम्प, आणि लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर परक्या भाषेतली पानंच्या पानं. रजिस्टरमध्ये लिहायच्या त्याच अक्षरात हे एका वहीत उतरवून घेत होते. अर्थ लागला नाही तर शब्द जसाच्या तसा काढायचा, चित्र काढल्यासारखा. त्यात एक अडचण अशी निघाली, की एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांच्या पोटात वेगळा प्रोग्राम असू शकतो. प्रत्येकाचा नंबर असतो, आणि नंबर जुळला नाही तर काहीही उघडत नाही. तो नंबर कॅमेऱ्यावर कुठेच छापलेला नसतो. कार्डावर एक विशिष्ट नावाची फाइल ठेवायची, पूर्ण रिकामी, आत एक अक्षर नाही. मग फोटो बघायच्या स्थितीत दोन बटणं एकदम दाबायची, की कॅमेरा आपण होऊन नंबर सांगतो.

"रिकामी फाइल बघून तो बोलतो?" मी विचारलं.

"हो."

"मग साहेबांना एक कोरा कागद द्या. बोलतील."

तेव्हा मात्र हसले. किती महिन्यांनी हसले ते मिनिटरावांनीही मोजलं नसेल.

नंबर दोनदा चुकला. एकदा शून्याच्या जागी ओ वाचला गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर एक छोटं चित्र लकाकून गेलं आणि नंतर सगळीकडे आकडेच आकडे. बॅटरी किती टक्के उरली, आतलं तापमान किती, किती फोटो मावतील. ह्यांना तर आकड्यांचं जेवणच वाढल्यासारखं झालं. मला हाका मारून दाखवत होते, "बघ, एवढं सगळं होतं ह्याच्यात. सात वर्षं कपाटात पडून होता आणि एवढं सगळं होतं." त्यांचा चेहरा बघून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग बाकीची तयारी. बॅटरी दिवसभर पुरणार नाही म्हणून लाकडाचा तुकडा बॅटरीच्या मापाचा तासला, त्याला दोन तांब्याच्या पट्ट्या लावल्या आणि अ‍ॅडॉप्टरची वायर जोडली. पंपाच्या हादऱ्याने फोटो हलू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून बैठक केली. पडदा बंद राहावा, कॅमेरा तापू नये, हेही त्या लपलेल्या प्रोग्रामात सापडलं. चौकशीला अकरा दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी कॅमेरा बसवला आणि संध्याकाळी हे घरी आले ते कपाळाला हात लावूनच. एकही फोटो नाही. सकाळी बटण दाबलं, पडद्यावर आकडे नाहीत, कंपनीचंच जुनं चित्र आलं आणि थोड्या वेळात कॅमेरा आपोआप मिटला. सगळं केलेलं कुठे गेलं कळेना. अर्धा तास वही तपासत होते.

चूक माझी होती. आदल्या दिवशी धूळ पुसताना मी कार्ड बाहेर काढलं होतं. त्याच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते. ती लॉककडे होती. लॉक असलं तर कार्डावर काही लिहिलं जात नाही, हे मला माहीत होतं. लेकीनेच एकदा सांगितलं होतं. मला वाटलं, हे वेंधळेपणाने विसरले, फोटो साठणार कसे? म्हणून मी चांगुलपणाने ती खिट्टी सरकवून ठेवली. आणि इथे गंमत अशी, की खिट्टी लॉककडे असली तरच कॅमेरा सुरू होताना तो दुसरा प्रोग्राम उचलतो. उचलल्यावर लॉक असूनही फोटो खुशाल साठतात. उघडं ठेवलं तर सगळं बंद, बंद ठेवलं तर सगळं उघडं. असलं कोणाच्या बापाला सुचणार?

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"तुला हात लावायला कुणी सांगितलं?"

"घरातल्या वस्तूला हात लावायला आता अर्ज करू का?"

भांडलो. एवढं दमलेल्या माणसांना नीट भांडताही येत नाही. दोन वाक्यं झाली की पुढचं उद्यावर जातं. ह्यांनी खिट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि विषय संपवला.

पुढचे चार दिवस कॅमेरा चालला. घोळ दुपारचाच होता, म्हणून रोज एक ते चार, मिनिटाला एक. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी फोन केला होता, कारण माझ्या मशीनचा पट्टा तुटला आणि नवीन कुठे ठेवलाय ते मला माहीत नव्हतं. एवढं वगळलं तर मी मध्ये पडले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. चहा केला होता. हे म्हणाले, "आता बघ, काटा कसा चिकटून बसतो ते."

चारांपैकी पहिल्या दिवसाचे फोटो लावले. ते एकामागून एक भराभर पुढे सरकवले की काटा सिनेमासारखा हलताना दिसतो. एक वाजता ४.२. दीडला ४.२. आणि मग तो थरथरला. चांगला थरथरला. मग खाली उतरू लागला, ३.८, ३.३, २.९, दोन वाजून सतरा मिनिटांनी २.६. तिथे बराच वेळ घुटमळला. मग हौद पुन्हा भरू लागला असावा, कारण काटा सावकाश वर चढला, आणि तीनला सात मिनिटं असताना परत ४.२. गेज ठणठणीत होतं.

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात खुर्चीचा हात येत होता. कॅमेरा बसवताना ते लक्षात आलं नव्हतं. खुर्चीच्या हातावर ह्यांचा हात होता, बोटांत पेन. मी पस्तीस वर्षं ओळखते तो हात. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा डाग आहे. एक वाजून एकेचाळीस मिनिटांच्या फोटोत पेन थोडं कललेलं होतं. बेचाळीसच्या फोटोत तसंच. त्रेचाळीसच्या फोटोत तसंच. मी बटण दाबत राहिले. पेन तसंच, हात तसाच, आणि शेजारी काटा खाली चाललेला. बहात्तर फोटो. दोन त्रेपन्नला हात हलला. दोन चोपन्नला पेन रजिस्टरवर होतं.

ह्यांनी उठून रजिस्टरची त्या दिवशीची नोंद आठवून सांगितली. "दोन, ४.२. अडीच, ४.२." मग म्हणाले, "मी बघितलं होतं गं. मला आठवतंय, मी बघितलं होतं."

मला कळलं काय झालं होतं ते. डोळा लागायच्या आधी ४.२, उघडल्यावर ४.२. मधलं सगळं हाताने आपण होऊन भरून टाकलं, एकतीस वर्षांच्या सवयीने, मोत्यासारख्या अक्षरात. खोटं बोलला नव्हता माझा नवरा. त्याला खरंच वाटत होतं की तो जागा आहे.

दुसऱ्या दिवशीचे फोटो तसेच, चौथ्या दिवशीचे तसेच. तिसऱ्या दिवशी मात्र दोनला हात फोटोतून नाहीसा झाला होता, माझा फोन घ्यायला. काटा तीनच्या खाली गेला तसा दोन मिनिटांत परत वर आला, कारण हे उठून पंप बदलत होते. जागा असलेला हा माणूस कधी चुकत नाही, हेही त्याच कॅमेऱ्याने दाखवलं.

मी म्हटलं, "पुसून टाका. कॅमेरा चालला नाही म्हणून सांगा. पहिल्या दिवशी नव्हताच चालला."

"पुसले तर मला कसं कळणार?"

"काय?"

"मी झोपतो की नाही ते. मला तर कळत नाही ना." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. चहावर साय धरली होती. मला रडू आलं आणि रागही आला, पण राग ज्याच्यावर काढायचा तो समोर नव्हता.

चौकशीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. लॅपटॉप, कार्ड आणि त्या चार दिवसांचं रजिस्टर बरोबर नेलं. परत आले ते दोन तासांत. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं, बसले नाहीत.

आत गेल्यागेल्या ह्यांनी सांगितलं होतं, "साहेब, गेज चांगलं आहे. चूक माझी आहे. पुरावा आणलाय." समितीतल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेबांनी लॅपटॉप उघडूच दिला नाही. म्हणाले, अहवाल तयार आहे. गेज सदोष असल्याचं आढळलं, नवीन बसवावं अशी शिफारस झालीय. ह्यांनी पुन्हा सांगितलं, मी झोपतो, बहात्तर मिनिटं झोपलोय, फोटो आहेत. तेव्हा समितीतले दुसरे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही झोपता असं लिहिलं, तर का झोपता हेही लिहावं लागेल. मग एका माणसाला बारा तास कुणी बसवलं, चौदा महिने जागा का भरली नाही, हे सगळं निघेल. कशाला? तुमच्यावर काही नाही. घरी जा, आराम करा."

"आराम करा म्हणाले?" मी विचारलं.

"हो."

"किती मिनिटं?"

उद्या सहाला परत पाळी होती.

असे आमचे हे निर्दोष सुटले. आठवड्याने चांगलं गेज काढलं आणि नवीन बसवलं. पंपहाउसवरची माणसं पाठ थोपटून गेली, मिनिटराव, आम्हाला माहीतच होतं म्हणाली. आणि ह्यांची त्या दिवसापासून झोप उडाली. कामावरची नाही, घरातली. रात्री अंथरुणात उठून बसायचे. कामावर खुर्चीवर बसणं बंद केलं, बारा तास उभे राहायचे; पाय सुजून बूट जाईनात. आकडा लिहिला की परत उठून काटा बघायचे, परत बसून लिहिलेलं बघायचे, मग परत काटा. ज्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर एवढा विश्वास होता, त्याने तो एका संध्याकाळी गमावला. साहेबांनी शेरा मारला असता तरी एवढं झालं नसतं, असं मला आता वाटतं.

मग पुन्हा वही निघाली, पुन्हा टेबल लॅम्प. त्या लपलेल्या प्रोग्रामात आणखी एक सोय होती. समोरच्या चित्राच्या चौकटी पाडायच्या, आणि ठरवलेल्या चौकटीत काही हललं की कॅमेरा आपण होऊन फोटो काढतो. लोक म्हणे त्याने आकाशातल्या विजा टिपतात. ह्यांनी चौकट तीनच्या आकड्यावर लावली आणि फ्लॅश चालू ठेवला. काटा तिथे आला की फ्लॅश उडेल, फ्लॅशने डोळा उघडेल. कॅमेरा असा बसवला की उजेड थेट तोंडावर यावा. मला पटलं. हुशार आहे माझा नवरा, ते मी कधीच नाकारलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही परत लॅपटॉप उघडला. फ्लॅश अकरा वेळा उडाला होता. अकराही फोटोंत खुर्चीचा हात पांढरा लख्ख, त्यावर ह्यांचा हात पांढरा लख्ख, डाग स्पष्ट दिसतोय, आणि बोटांतलं पेन जिथल्या तिथे. उभं राहून राहून दमले होते, दीडला जरा टेकले होते. डोळ्यांवर अकरा विजा पडल्या आणि माणूस हलला नाही.

"संपलं," हे म्हणाले. "ह्याच्यात आता उघडायचं काही राहिलं नाही." कॅमेऱ्याबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सव्वाच्या सुमारास मी हातशिलाईची पिशवी घेतली आणि पंपहाउसवर गेले. ह्यांना सांगितलं नव्हतं. मला दारात बघून घाबरले, घरी काही झालं का म्हणाले. मी म्हटलं काही नाही, पँटींच्या खालच्या कडा दुमडून शिवायच्यात, त्या इथेही शिवता येतात. एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. पंपांचा आवाज एवढा, की बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. आम्ही बोलत नाही. मी कडा शिवते, काट्याकडे बघते. ह्यांची मान खाली गेली की मी जाऊ देते. दहा मिनिटं, कधी पंधरा. काटा उतरायला लागला की पाय लांब करून त्यांच्या खुर्चीला ढकलते. हे उठतात, व्हॉल्व्ह फिरवतात, दुसरा पंप चालू करतात, येऊन खरा आकडा लिहितात. मग माझ्याकडे न बघता परत बसतात. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची. हल्ली वाटत नाही, त्यालाही अंगात ताकद लागते.

दोन महिने झाले. वरच्या गल्ल्यांत पाणी रोज येतं. माझी पाठ धरली आहे आणि सकाळची कामं संध्याकाळवर गेल्यामुळे गिऱ्हाइकं कुरकुरतात. पण घरी आल्यावर हे दोन्ही बूट काढतात.

गेल्या मंगळवारी साहेब आले. अचानक तपासणी. मी बादलीवर बसलेली, मांडीवर कुणाची तरी काळी पँट. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे ताडकन उठले.

"ह्या कोण?"

"मिसेस," हे म्हणाले.

"बाहेरच्या माणसांना इथे मनाई आहे. पाटी वाचली नाही का?"

मी दोरा दाताने तोडला आणि उभी राहिले. म्हटलं, "वाचली. साहेब, तुम्ही आतला माणूस पाठवा, मी ह्या क्षणी घरी जाते."

साहेबांनी रजिस्टर उघडलं, दुपारच्या नोंदींवरून बोट फिरवलं. ३.४. २.९. पंप बदलला. ४.१. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. बराच वेळ वाचत होते. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मला खरंच वाटलं की झालं आता, आता तरी माणूस येईल. ह्यांनाही वाटलं असावं, कारण रात्री जेवताना म्हणाले, "नवीन माणसाला व्हॉल्व्हचं सगळं नीट समजावून सांगावं लागेल." आणि भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

बुधवारी दुपारी पंपहाउसच्या दारात ऑफिसचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने सहीसाठी कागद पुढे केला, साहेबांनी पाठवलंय म्हणाला, आणि मागून एक खुर्ची उतरवली.